मोहाखालच्या चपला

मोहाचा वास आला की माझे हात आधी गार पडतात, नाकाला तो नंतर कळतो. यंदाही तसंच झालं. चामोर्शीच्या शाळेत पाचवीच्या वर्गावर होते, खिडकीतून वारा आत आला आणि हातातला खडू निसटला. पोरांनी माना वळवून बाहेर पाहिलं. बाहेर काहीच नव्हतं. रस्त्यापलीकडच्या घरातल्या बाईनं अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, तेवढंच. जड, गोड, शेवटी जरासा आंबूस होत जाणारा तो वास. या वासानं अस्वलं वेडी होतात, शेळ्या दावं तोडतात, माझ्या वर्गातली पोरं खिशात फुलं भरून आणतात आणि वहीच्या पानांना चिकटा लावतात. सगळ्यांना तो खाण्याचा वास वाटतो. मला एकटीलाच तो भीतीचा वाटतो, आणि हे मी शिक्षकांच्या खोलीत कधी बोलत नाही, कारण जंगलातली पोरगी मोहाला भिते म्हटल्यावर लोक हसणारच.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. बाबांचं काही खरं दिसत नाही, सुट्टी काढून ये, म्हणाली. मग आणखी एक वाक्य बोलली: मोह पडायला लागला आहे. जणू दोन्ही एकाच प्रकारची बातमी.

आमचं गाव सिंदेवाहीकडचं, जंगलाला खेटून. तिकडे मोह कुणी लावत नाही. त्याला खत नाही, पाणी नाही, निंदण नाही. होळीच्या आसपास पानं गळून झाड उघडं होतं आणि मग एके पहाटे फुलं पडायला लागतात, आपल्या मनानं, टपटप. कुठलं झाड कुठल्या घराचं हे ठरलेलं असतं. कागद नसतो, पण भांडणही नसतं. फुलं पडण्याआधी बुडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ करायची, म्हणजे काळ्या राखेवर पिवळट फुलं दुरून दिसतात. आणि वेचायला कधी एकट्यानं जायचं नाही. दोघांनी जायचं. एकानं वाकून वेचायचं आणि दुसऱ्यानं काठी घेऊन उभं राहायचं, वाकलेल्याच्या पाठीकडे, जंगलाकडे तोंड करून. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, गुरासारखा वाटतो, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. म्हणून उभं राहणाऱ्यानं बसायचं नाही, फुलाला हात लावायचा नाही, विडी पेटवायची नाही. वाकणाऱ्याचा जीव त्याच्या डोळ्यांत असतो.

मोहर्लीला, व्याघ्रप्रकल्पाच्या दारात, लोक जिप्सीत बसतात, गळ्यात कॅमेरे अडकवतात आणि वाघ दिसावा म्हणून देवाला साकडं घालतात. माझ्या शाळेतल्या बाईंनी एकदा मला तिकडे चल म्हणून फार आग्रह केला. दिसला तर नशीब, म्हणाल्या. मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. नशिबाच्या आमच्या आणि त्यांच्या व्याख्या जुळण्यासारख्या नव्हत्या.

आमच्या घरी उभं राहण्याचं काम बाबांचं. त्यांना ते शोभायचंही. उंच, ताठ, शर्टाचं वरचं बटण लावलेला माणूस. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती विश्वास घेतला आणि मग गावातल्या आमच्या छोट्याशा मंडळीचे ते वडीलच झाले. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, सिंदेवाहीहून आठवड्याला यायचे. मधल्या दिवसांत प्रार्थनाघर झाडणं, आजाऱ्याच्या घरी जाणं, भांडणं सोडवणं, सगळं बाबांकडे. दारूच्या थेंबाला कधी शिवले नाहीत, आणि मोहाच्या गावात हे म्हणजे नदीकाठी राहून पोहायला न शिकण्यासारखं. कुणाचं वाईट बोलले नाहीत. आम्हा भावंडांना मात्र त्यांच्या चांगुलपणाची धास्ती वाटायची. खोटं बोललं की ते मारत नसत. नुसते वर बघत, छपराकडे, आणि म्हणत, "तो पाहून राह्यला." मी कवेलूंच्या फटीतून येणाऱ्या उजेडाला भिऊन मोठी झाले.

पाळक दर मोहाला एकच प्रवचन करायचे. आमच्या शेजारची जुन्या धर्माची घरं नवी फुलं आधी आपल्या देवाला देत आणि मगच घरात घेत. ते पाहून पाळकांनी आमच्याकडेही मोहाची पहिली टोपली प्रार्थनाघरात आणायची रीत पाडली होती. ती टोपली पुढे ठेवून ते सांगत की तारण, म्हणजे पापातून सुटका, या फुलांसारखं आहे. तुम्ही नांगर धरला नाही, पेरलं नाही, राखण केली नाही, तरी ते पडलं. सत्कर्मं करून कुणी ते मिळवत नाही, ती कृपा आहे. आपण नुसती ओंजळ धरायची. बायका माना डोलवत. बाबा पहिल्या रांगेत मांडी घालून ताठ बसलेले असत आणि घरी येताना चिडलेले असत. एकदा वाटेत ते पाळकांना सरळ म्हणाले होते की फुकट भेटलेल्या गोष्टीले माणूस जपत नाई. पाळक हसले. बाबा हसले नाहीत. आयुष्यभर पहाटे उठून प्रार्थनाघर झाडणाऱ्या माणसाला, झाडलं नसतं तरी चाललं असतं, हे कसं आवडणार.

मी बारावीची परीक्षा देऊन घरी आले होते, त्या मोहाची ही गोष्ट. शेजारच्या गावात वाघानं एका बाईला नेलं होतं. वनविभागाची गाडी भोंगा लावून फिरत होती, जंगलात जाऊ नका म्हणून. सगळे ऐकत होते आणि सगळे जात होते, जीव मुठीत धरून, कारण मोह थांबत नाही. घरी मी एकदा हळूच म्हणाले की यंदा राहू द्या. बाबांनी माझ्याकडे न बघता धोतर आवरलं आणि म्हणाले, जो नीट चालतो त्याले काई होत नाई. त्या बाईचं काय चुकलं होतं, हे मला विचारायचं होतं.

आमचं झाड बोडीच्या काठाला आहे. बोडी म्हणजे लहान तळं, उन्हाळ्यात तळाशी थोडंसं पाणी धरून राहणारं. आई झाडाखाली वाकली होती, बाबा तिच्या पाठीशी काठी टेकून उभे, आणि मी बोडीच्या पाळीवर, मातीच्या बांधावरून, दुसरी टोपली घेऊन येत होते. फटफटलं होतं. तेवढ्यात कुड्याच्या झुडपाजवळची जमीन हलल्यासारखी वाटली. मग ती जमीन उभी राहिली आणि तिला डोकं होतं.

भीती वाटली असं लोक म्हणतात. मला काही वाटलं नाही, वाटायला आत कुणी शिल्लकच नव्हतं. बोबडी वळली, पाय पाळीत रुतले, आणि कपडे ओले झाले ते मला घरी गेल्यावर कळलं. डोळे मात्र उघडे राहिले. ते मिटले असते तर बरं झालं असतं. कारण मी पाहिलं की बाबांच्या हातातली काठी खाली पडली, आवाज न करता, राखेत. आणि बाबा वळले आणि झाडावर चढले. बाबा, वरचं बटण लावलेले, हातापायांनी खोड ओरबाडत वर गेले. तोंडातून हूं की चूं नाही. त्यांची एक चप्पल निसटली आणि आईच्या पुढ्यात पडली.

आईनं आधी चपलेकडे पाहिलं. मग वर. मग वळून वाघाकडे. ती उठली नाही, पळाली नाही, वाकली होती तशीच राहिली, हातात मूठभर फुलं. मध्ये फक्त फुलं पडण्याचा आवाज होता. वाघ तिच्याकडे बघत होता आणि मी बाबांचा चेहरा बघत होते. फांदीला मिठी मारलेला तो चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता. आजही झोपेत तो येतो. वाघ येत नाही, बाबा येतात.

मग वाघ गेला. कुणी त्याला हाकललं नाही. त्यानं तोंड फिरवलं आणि बोडीच्या कडेनं, घाई नसल्यासारखा, निघून गेला. का गेला ते मला कळलेलं नाही. पोट भरलेलं होतं म्हणा, आई त्याला आवडली नाही म्हणा. तो दिसेनासा झाल्यावर बाबा ओरडायला लागले. असा आवाज मी माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. तो गावापर्यंत पोचला, शेतांत पोचला, आणि माणसं काठ्या घेऊन धावत यायला लागली.

ती येईपर्यंत आईनं तीन कामं केली. उलटलेली टोपली सरळ करून सांडलेली फुलं परत भरली. बाबांची चप्पल उचलली, राख झटकली आणि झाडाच्या बुडाशी नीट ठेवली, उंबऱ्यापाशी ठेवतात तशी, पाय घालायला सोपी. आणि वर बघून म्हणाली, "उतरा आता. घरी जाऊ."

"माह्याच्यानं उतरणं नाई होत," बाबा म्हणाले. त्यांची बोटं फांदीला चिकटून बसली होती.

"मी आहो ना खाली," आई म्हणाली.

माणसं पोचली तेव्हा बाबा खाली उभे होते, दोन्ही पायांत चपला घालून. घरी गेल्यावर आईनं चूल पेटवली आणि रोजच्यासारखी पहिली भाकर बाबांच्या ताटात वाढली. बाबांनी तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसले. ती काही बोलली नाही, रागावलीही नाही, आणि मला तिचाच राग आला. मला वाटत होतं तिनं ताट ओढून घ्यावं.

गावानं आपली गोष्ट आपणच रचली. आवाज सगळ्यांनी ऐकला होता, वाघ गेलेला दिसत होता, आई जिवंत होती. दोन आणि दोन चार. शेजारचे कवडूभाऊ आले आणि बाबांचे हात हातात घेऊन म्हणाले, "भाऊ, तुमच्या पुण्याईनं बाई वाचली." बाबांनी हात काढून घेतले. लोकांना तो विनय वाटला. रविवारी मोहाची पहिली टोपली पुढे ठेवली गेली आणि पाळकांनी बाबांना साक्ष द्यायला सांगितलं. देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून बोलायचं, त्याला आम्ही साक्ष म्हणतो. बाबा उठले. तोंड उघडलं. बराच वेळ ते तसंच उघडं राहिलं, आणि मी मागे बायकांत बसून ओढणी चावत होते, की आता सांगतील, आता सगळ्यांना कळेल. त्यांनी देवाचे आभार मानले आणि खाली बसले. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मी जे पाहिलं ते मीही कुणाला सांगितलं नाही, तिलासुद्धा नाही.

त्यानंतर बाबा चांगुलपणाच्या मागे हात धुऊन लागले. गावातल्या एका म्हाताऱ्या बाईचं छप्पर शाकारून दिलं. बाळंतिणीला खाटेवर घालून पावसात डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. उपास धरले, इतके की त्यांच्या गळ्याची हाडं वर आली. लोक म्हणायचे, देवमाणूस आहे. तसं म्हटलं की त्यांचा चेहरा राखेसारखा व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी ते आणखी कुणासाठी तरी विहीर उपसायला जायचे. मला दिसत होतं की ते अजून झाडावरच आहेत, एक फांदी सोडून वरची धरताहेत. त्या मोहानंतर उभं राहायला ते कधी गेले नाहीत. आई कधी माझ्या भावाला नेई, कधी शेजारणीला.

आणि माझ्यात जे शिरलं ते निराळंच. नीट चालणाऱ्याला काही होत नाही हे खोटं निघालं होतं. त्यापेक्षा वाईट म्हणजे, नीट चालणारा आपल्याला सोडून झाडावर चढू शकतो हे खरं निघालं होतं. मग वर बसलेल्या त्याच्यावर तरी कसा भरवसा ठेवायचा. मी प्रार्थना सोडली नाही, भीतीनं सोडवली नाही. लग्न झालं, नोकरी लागली, पोरं झाली, आणि प्रत्येक वेळी मी देवाशी सौदा करत राहिले: मी हे करते, तू ते होऊ देऊ नकोस. आमच्या घराण्याचा हा आजारच म्हणायचा.

यंदा घरी पोचले तेव्हा बाबा परसदाराच्या पडवीत बाजेवर होते. अंगात काही उरलं नव्हतं, पण दोन्ही हातांनी बाजेची कड अशी धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. झोपेतही सोडत नाहीत, भाऊ म्हणाला. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. बाजेखाली बाबांच्या चपला होत्या, जोडीनं, पुसलेल्या, पाय घालायला सोप्या अशा ठेवलेल्या. कित्येक महिने ते चालले नव्हते. आई रोज झाडताना चपला उचलते आणि परत तशाच ठेवते.

अंगणात मोह वाळत होता. त्या वासात बसून राहणं मला नको झालं होतं. दुपारी आई फुलं हलवून आत आली आणि बाजेजवळ जमिनीवर बसली, तेव्हा बाबांनी डोळे उघडले. "मले भेव लागून राह्यला," ते म्हणाले. इतकं साधं वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांना धाप लागली. आईनं चमच्यानं पाणी पाजलं. मी उठून जावं की बसावं मला कळेना.

"मी वरडलो नाई," बाबा म्हणाले. "तो होता तवा नाई वरडलो. तो गेल्यावर वरडलो."

"मले मालूम आहे," आई म्हणाली. "मी काई बहिरी होती का?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं एका घरात, एका चुलीवर जेवून, त्यांना वाटत होतं की हे फक्त त्यांना आणि देवाला ठाऊक आहे. मला वाटत होतं फक्त मला.

"मंग काऊन नाई बोलली?"

"काय बोलू? तुम्ही भेले होते."

बाबांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. मग ते जे बोलले ते तुकड्यातुकड्यांनी, मध्ये थांबत. लोकांसाठी जे जे केलं त्यातलं काहीच लोकांसाठी नव्हतं, सगळं भेवानं केलं. वर गेल्यावर तो विचारील की बाईच्या पाठीशी उभं केलं होतं तुला, कुठे होतास. तेव्हा छप्पर दाखवायचं की विहीर दाखवायची? काही दाखवण्यासारखं नाही. हात रिकामे आहेत. हे सांगताना त्यांनी बाज आणखी घट्ट धरली.

पाळक असते तर त्यांनी मोहाचं प्रवचन केलं असतं, आणि ते बरोबरही असतं. आई निरक्षर बाई. प्रवचनात अर्धा वेळ तिचा डोळा लागलेला असतो. तिनं पदरानं बाबांचा कान पुसला आणि म्हणाली, "मी धरून नाई बसली, तं तो काऊन धरून बसन? तो माह्याहून लहान मनाचा आहे का?"

मग तिला बाजेखालच्या चपला वाकड्या झालेल्या दिसल्या, माझाच पाय लागला असणार. ती वाकली आणि त्या नीट ठेवल्या. बाबा मान वळवून ते बघत होते. पुष्कळ वेळानं त्यांनी बाजेवरचा एक हात सोडला. मग दुसरा. तळवे वर करून हात पोटावर पडले. ते झोपले तेव्हा मी छातीकडे बघत बसले, चालू आहे ना, चालू आहे ना. चालू होती. बाबा गेले नाहीत. अजून आहेत, अगदी थोडे.

मला वाटलं होतं, हे सगळं ऐकल्यावर माझी भीती जाईल. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजूला आईनं मला हलवलं. भाऊ बाबांपाशी बसणार होता. तिच्या एका हातात टोपली होती, दुसऱ्यात काठी, आणि काठी तिनं माझ्यापुढे धरली. भोंग्याची गाडी कालच फिरून गेली होती. मी म्हणाले, माय, एवढं वय झालं, राहू दे आता. ती म्हणाली, पडलं आहे तर वेचायला नको का?

बोडीचं पाणी खाली गेलं होतं. कुड्याचं झुडूप आता पुष्कळ मोठं झालं आहे. काळ्या राखेवर फुलं पडली होती आणि अजून पडत होती. मी काठी धरून कुड्याच्या झुडपाकडे तोंड करून उभी राहिले. मला पक्कं कळत होतं की झुडूप हललं तर मी काठी टाकून पळेन. मी बाबांची पोरगी आहे. आणि हे या बाईला सांगितल्याशिवाय तिला पाठ फिरवू देणं मला जमेना.

"माय, तो आला अन् मी पयाली तं?"

तिनं टोपली खाली ठेवली, पदर खोचला.

"तं पय," ती म्हणाली. "अन् जेवाले घरी येजो."

आणि माझ्याकडे पाठ करून ती वाकली.